पहिल्या सीनमधला कोयता

माणसाला घाबरवून तसंच टांगून ठेवण्यात आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या लेखकाचा हात धरणारा अंधेरीपासून दहिसरपर्यंत कोणी सापडणार नाही. तो थरारपट लिहितो आणि मी सिनेमांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देतो. कंदील, ट्रंका, खोटी पिस्तुलं. हातगाडीपासून गोडाऊनपर्यंत मी घासाघीस करत आलो, त्यामुळे वस्तू वाया गेलेली मला खपत नाही. याच्या सिनेमात मात्र सुरुवातीला कुलूपबंद खोली दिसते, बाईला निनावी फोन येतो, म्हातारा नोकर तळघराकडे बघून थरथरतो. शेवटी खोली बंदच, फोन कोणाचा ते कोणी विचारत नाही आणि नोकर मध्यंतरानंतर दिसतसुद्धा नाही. सिनेमाबाहेरही तोच प्रकार. एकदा त्याचा फोन आला, "तुझ्या मागे एक माणूस दोन दिवस फिरतोय. भेटल्यावर सांगतो." आठवडाभर मी रिक्षातही वळून बघत होतो, गोडाऊनचं शटर आतून लावून जेवत होतो. भेटल्यावर म्हणतो, "कुठला माणूस रे?"

माझा खरा राग कोयत्याचा. गावाहून आणलेला माझ्या वडिलांचा कोयता, कधी कोणाला दिला नव्हता. "खुनाला हाच हवा," म्हणून याने गोड बोलून नेला. मी धार लावून, तेल लावून दिला आणि घरच्या सगळ्यांना घेऊन सिनेमाला गेलो. पहिल्याच सीनमध्ये भिंतीवर आमचा कोयता, कॅमेरा सरकत सरकत पात्यापर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटी खलनायक जिन्यावरून घसरून मेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभा राहून मी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा भांडलो.

"दाखवलास तर वापर ना. खून नको, बोट काप कोणाचं. तेही नको, निदान नारळ फोड."

"वापरला की भीती संपते रे," तो शांतपणे चहा ओतत म्हणाला.

आतून वहिनी म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी म्हणाले होते, एक गुपित सांगायचंय. बावीस वर्षं झाली."

गेल्या महिन्यात त्याच्या कानाखाली सुपारीएवढी गाठ दिसली. "आहे सहा महिने. पुढे बघू," म्हणाला. याचं 'पुढे' कधी येत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. भांडून त्याला हॉस्पिटलात नेलं, त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला घेतला. तेव्हापासून हा माणूस बदललाय आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. वहिनींना ते गुपित सांगून टाकलं म्हणे. काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या हसल्या नाहीत. आज दुपारी गोडाऊनवर आला, ट्रंकेवर बसला.

"तुझ्या मागे फिरणारा माणूस मीच होतो. एक पात्र लिहीत होतो, तुझ्यासारखं भांडणारं. जमलं नाही. आणि कोयता दे, या वेळी शेवटी नक्की वापरतो."

"मिळणार नाही," मी म्हटलं. "पुढचे दहा सिनेमे नुसता भिंतीवर टांगणार असशील तर ने. भाडं नको."

तो हसला. रिपोर्ट उद्या अकराला मिळणार आहे, आम्ही दोघं जाणार आहोत. शटरपाशी पोचल्यावर तो थांबला, गाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आणखी एक सांगायचं राहिलं रे."

"आत्ता नको," मी म्हटलं. "भेटल्यावर सांग."