कस्तुराबाईचा वरवंटा

राणीच्या सॅकमध्ये पुस्तकांखाली वरवंटा सापडला, तेव्हा आधी मला हसूच आलं. आम्ही इस्लापूरचे. पोरीच्या नीटच्या क्लाससाठी मी तिच्यासोबत लातूरला खोली करून राहते. खोलीत मिक्सर आहे, पाटा नाही. "हा कशाला गं?" विचारलं तर तिचा चेहरा उतरला.

रेणापूरच्या पुढे निजामाच्या काळातला पडका मोहताजखाना आहे. निराधारांना तिथं ठेवत, मेले की मागच्या माळावर पुरत. रात्री तिथं तान्हं बाळ रडतं, असं क्लासमधली मुलं सांगतात. पैज लागली, रात्री जाऊन माळावरचा एक धोंडा उचलून आणायचा. राणीनं आणला. तेव्हापासून ती लाईट चालू ठेवून झोपते.

मी भुताखेतांना मानत नाही. पण पोरीच्या बाबतीत मी कशालाही मानते. वरवंटा पिशवीत घातला आणि एसटीत बसले.

मोहताजखान्याला छप्पर उरलेलं नाही. दाराशी एक म्हातारी बाभळीच्या फांद्या तोडत होती. भिंतीआड काहीतरी रडलं आणि मी जागीच थांबले. म्हातारी हसली.

"करडू हाय माय. आईपासून तोडून बांधलं की माणसावानी रडतंय. भूत कुठलं हितं? असतं तर उपाशी मेलं असतं."

ही कस्तुराबाई. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यासोबत इथं आली, पोटुशी. नवरा गुलबर्ग्याकडं काम बघायला गेला, तो आलाच नाही. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं मिळणारी सुकडी खायची. इथंच बाळंत झाली. मुलगी. सोबतच्या बायकांनी बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरवलं. लुगड्याची झोळी बांधली. कुणी वरवंटा मागून आणला, कुणी त्याला चिंधीचं टोपडं शिवलं. झोळीत आधी वरवंटा घालायचा, मग बाळ, मग कानात नाव. आदल्या रात्री बाळ गेलं.

"नाव न्हाई, काय न्हाई," ती म्हणाली. "माती देताना हाक तरी काय म्हून मारावी?"

कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिनं वर काटे घातले आणि उशाला तो टोपड्यातला वरवंटा ठेवला. टोपडं दोन पावसाळ्यांत गेलं. मोहताजखाना बंद झाला, माणसं पांगली, ही राहिली. दुसरं लग्न लावून देण्यासाठी भाऊ न्यायला आला, तर हिनं त्यालाच विचारलं, "आन् पोरगी कुणाच्या भरवशावर सोडू?" लोकांच्या रानात खुरपलं, शेळ्या राखल्या. पावसाळ्यात काटे कुजतात. दरवर्षी ती माळावरच्या सगळ्याच ढिगाऱ्यांवर नवे घालते. त्यातला आपला कोणता, हे वरवंट्यावरून कळायचं.

"औंदा पोरं आली मोबाईल घेऊन. धोंडे नेले, चिखलात नाचले. समदं सपाट झालं. रोज हात फिरवून बघूलालेय, घावंना."

मी पिशवी उघडली. तिनं वरवंटा आधी पदरानं पुसला, मग छातीशी धरला. पोरीनं पैजेपायी उचलला, ती डॉक्टरकीच्या क्लासला आहे, हे मी सांगितलं.

"कुठनं उचलला ते पोरीला इचार की माय."

रविवारी राणीला घेऊन गेले. माळावर नुसती वाळलेली माती आणि टाचांचे खड्डे. राणी उभीच राहिली.

"भिऊ नगं," कस्तुराबाई म्हणाली. "डाक्टरीण होनार म्हनं तू? मग तुझ्या तर ध्यानात ऱ्हात असंल. निस्तं दाव."

राणीनं माझ्याकडं पाहिलं, चार पावलं गेली आणि बोट दाखवलं. "इथं, आजी."

कस्तुराबाई तिथं बसली. बोटांनी खळगा केला, वरवंटा ठेवला. पदराचा काठ फाडून त्याला टोपडं बांधलं. काटे रचले. मग त्या मातीवर हात ठेवून इतक्या निवांत बसली, की आम्हाला निघतोय म्हणून सांगताही येईना.

लातूर स्टँडवर उतरल्यावर राणी म्हणाली, "आई, मला जागा आठवत नव्हती गं. तेव्हा अंधार होता."

कस्तुराबाईला हे मी कधीच सांगणार नाही.

आता राणी झोपली आहे, लाईट चालूच. लिहिता लिहिता मी उठले आणि तिच्या कानाशी वाकून, बारशाला ठेवलेलं पूर्ण नाव घेऊन हळूच हाक मारली, "वर्षाराणी." झोपेतच ती "हं" म्हणाली.