सांगावा नेणार नाही

हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठी कारकुनांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं औरंगाबाद-मुंबईकडे निघाली, आणि नेमका तेव्हाच नांदेडकडचा भिवाजी उलटा हैदराबादेत येऊन दाखल झाला. उलट्या पायांची भुतं असतात म्हणतात. शहरानं त्याला वागवलंही तसंच. तो कुणाला दिसेचना.

अफझलगंजच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम लागलं. बरकतपुऱ्यात विमलबाईंच्या घरामागची खोली मिळाली. भाडेकरू एकेक करून निघून चाललेले, त्यामुळे बाईंनी भाडं सांगितलं, नळाची वेळ सांगितली. जात विचारली नाही. गावात ‘कोणाचा रे तू?’ विचारल्याशिवाय ज्याला कुणी पाऊल पुढे टाकू दिलं नव्हतं, त्याला हे आधी फार गोड लागलं. मग भीती वाटू लागली. सुलतान बाजारात आपण मरून पडलो तर माणसं नुसती वळसा घालून जातील, असं त्याच्या मनात येई.

शेजारच्या खोलीत श्रीनिवासराव नावाचे म्हातारे मास्तर एकटेच राहत. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू येई. एकदा त्यांना बरं नव्हतं, तेव्हा भिवाजीनं त्यांना रिक्षात घालून सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या लेकीकडे, शांताकडे पोचवलं होतं. संबंध तेवढाच.

एका रविवारी सकाळी खोकला आला नाही. भिवाजीला ते जाणवलं. झोपले असतील, असं म्हणून तो नळावर गेला. परतला तर विमलबाई रडतच त्याच्या दारात उभ्या.

“भिवाजी, मास्तर गेले हो! तुम्ही जल्दी जाऊन शांताला सांगावा देऊन या.”

मयताचा सांगावा! भिवाजीचं डोकंच फिरलं. त्याच्या बापाचा, अंबाजीचा, जन्म गावच्या मयताचे सांगावे नेण्यात गेला होता. उन्हातान्हात अनवाणी धावायचं, परगावच्या वेशीबाहेरून ओरडून सांगायचं, आणि वरून टाकलेली शिळी भाकरी धोतराच्या सोग्यात झेलायची. गेल्या साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर सगळ्या वस्तीनं बसून ठरवलं होतं, मेलेलं ढोर ओढणार नाही, मयताचा सांगावा नेणार नाही. हात वर करणाऱ्यांत भिवाजी पहिला होता.

म्हणजे हिनं आपली जात ओळखलीच, त्याला वाटलं.

“ते काम आमी सोडलंय, बाई,” तो म्हणाला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि ताडताड निघून गेला. दिवसभर तो मुसी नदीच्या काठानं छाती पुढे काढून हिंडला.

सांजेला परतला तेव्हा मास्तरांची खोली धुऊन निघाली होती. विमलबाई पायरीवर बसल्या होत्या.

“नेलं त्यांना. शांताचं घर तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आमचे हे बाजारभर विचारत फिरले, परेशान झाले. शेवटी किती वेळ ठेवणार हो?” त्यांनी डोळे पुसले. “आणि सकाळी तुम्ही काय म्हणालात, मला काय की समजलंच नाही. कोणतं काम सोडलं? छापखान्याचं का?”

भिवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. घर माहीत असलेल्या शेजाऱ्याला त्यांनी शेजारी म्हणून सांगितलं होतं. वस्तीची शपथ खरी होती, आणि ती तो जन्मात मोडणार नव्हता. पण इथं त्याची जात काढली होती ती फक्त त्यानंच. आणि त्यापायी एका लेकीचा बाप तिला न दिसता जळाला होता. त्याला स्वतःची किळस आली.

तो तसाच सुलतान बाजारात गेला. शांतानं दार उघडलं, ओळखलं, “या ना दादा, बसा,” म्हणाली. त्यानं उभ्यानंच सांगितलं. ती घाईघाईनं चपला शोधू लागली.

“रिक्षा थांबवा दादा, आलेच मी. माझ्यासाठी ठेवलंय ना बाबांना?”

“न्हाई ताई. दुपारीच नेलं. मला सकाळीच सांगितलं हुतं. मीच आलो न्हाई.”

शांतानं हातातली चप्पल खाली ठेवली.

“का हो?” तिनं विचारलं.

अख्ख्या गावाला तोंडावर सुनावलेलं उत्तर भिवाजीजवळ होतं. तिला देण्यासारखं एकही नव्हतं.