ओतिलियाच्या थडग्यावरचा कोंबडा

तेओफिलो सामारिपाच्या नाकावर राग बसलेला असतो, हे टेक्सासातल्या सान अँतोनिओच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. टाइल्स बसवण्यात त्याच्यासारखा हात नव्हता, म्हणून लोक त्याला माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायचे आणि कामाला बोलवायचे. पण काम संपेपर्यंत पोरांना मागच्या अंगणात पिटाळायचे. थापी हातात असताना मध्ये कुणी बोललेलं त्याला खपत नसे. बायको त्याच्या तोंडाला कंटाळून ह्यूस्टनला भावाकडे गेली, ती तिकडचीच झाली. मुलगी येसेनिया मात्र बापाजवळ राहिली. दातांच्या दवाखान्यात कामाला जायची, आणि घरी बापाचा आवाज चढला की रेडिओचा आवाज चढवायची.

बुटांचं वेड त्याला उतारवयात लागलं. जन्मभर जमिनीवर ओणवं बसून गुडघे कामातून गेले, ऑपरेशन झालं, आणि खुर्चीत बसून राहायची पाळी आली. समोर दाराशी येसेनियाचे जुने स्नीकर पडलेले असत. एक दिवस वैतागून, दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून, तो त्यातल्या एकाचं चित्र काढायला बसला. नुसता पांढरा बूट बघवेना, म्हणून त्यावर बाजाराच्या प्लास्टिकच्या पिशवीचे लाल-हिरवे चौकडे चढवले. पुढच्यावर खिडकीच्या लोखंडी जाळीची नक्षी. त्याच्या पुढच्यावर तोर्तियाच्या भाकऱ्या गुंडाळायच्या फडक्यावरचं भरतकाम, जिभेपासून टाचेपर्यंत. हे बूट कुणी शिवेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. टाइल्स बसवताना गिऱ्हाईक सांगेल तो रंग लावावा लागे. इथे सांगणारं कुणी नाही, एवढ्यावरच तो खूश होता. गुडघे जरा बरे झाले तरी दर रविवारी नवा बूट निघायचाच.

सगळ्यांत जमला तो कोंबड्याचा बूट. तो कोंबडा मूळचा त्याच्या आईच्या थडग्यावरचा. ओतिलिया गेली तेव्हा संगमरवराचं नाव काढायची घरात ऐपत नव्हती. तेओने कामांवरून उरलेले टाइल्सचे तुकडे गोळा केले, कुठल्याशा हॉटेलच्या न्हाणीघराचे निळे, बेकरीच्या ओट्याचे पिवळे, आणि चौथऱ्यावर त्या तुकड्यांचा कोंबडा बसवला. ओतिलियाच्या अंगणात कोंबडा नाही असा दिवस त्याने पाहिला नव्हता. पहाटेच्या आरवण्यावरून शेजारी भांडायला आले की ती त्यांनाच चार शब्द सुनवून परत पाठवायची. कोंबड्याची शेपटी बसवता बसवता चौथरा संपत आला, म्हणून मान मागे वळवावी लागली. तो आपल्याच शेपटीकडे रागाने बघत असल्यासारखा दिसायचा. बुटावर तेओने ती शेपटी टाचेतून कारंज्यासारखी उसळवली आणि वळलेली मान लेसच्या कडेला आणून ठेवली.

सप्टेंबरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवात चर्चच्या हॉलमध्ये वस्तीतल्या लोकांच्या हातच्या वस्तू मांडायच्या ठरल्या. येसेनियाने बापाच्या मागे लागून त्याची चित्रं भिंतीवर लावली. तेओ शेजारी खुर्ची टाकून बसला. दुपारी एका बूट कंपनीतले दोघे आले, एक तरुण आणि एक बाई, दोघंही गोडबोले. कोंबड्यापुढे ते बराच वेळ थांबले. हा कुणाचा, मान अशी का, रंग कुठले, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. आणि तेओने सांगितलं. आईचं, थडग्याचं, शेजाऱ्यांचं, सगळं. त्यांना आपल्या ताटातले तामाले खाऊ घातले. त्यांनी फोटो काढले तेव्हा स्वतः उठून चित्रावरची सावली बाजूला केली. त्या दिवशी माएस्त्रो चक्क हसत होता, असं लोक अजून सांगतात.

पुढच्या सप्टेंबरात येसेनिया एक खोका घेऊन घरी आली आणि तो तिने त्याच्या मांडीवर ठेवला. आत स्नीकर होते. टाचेतून उसळलेली पिवळी शेपटी, निळं अंग, मागे वळलेली मान. बुटाच्या जिभेवर तेवढी कुणीतरी गुलाबी मिरची काढली होती आणि खाली लिहिलं होतं, फिएस्ता, म्हणजे उत्सव.

"दुकानाच्या काचेत दिसला," येसेनिया म्हणाली. "मला तिथेच रडू आलं, अपा. तुमचा कोंबडा सगळ्या गावाच्या पायात जाणार."

"मला कुणी विचारलं?"

"म्हणजे?"

"मला कुणी विचारलं, येसेनिया?"

तिला वाटलं होतं, बापाने कुठेतरी सही केली असेल आणि आपल्याला चकित करायचं म्हणून गप्प बसला असेल. त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळायचं ते कळलं. तोवर एक बूट फ्रिजवर जाऊन आदळला होता.

"ही माझ्या आईची कबर आहे," तेओ ओरडला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात साले. आणि तू पैसे मोजून ते घरात आणलंस."

एरवी येसेनियाने रेडिओ मोठा केला असता. या वेळी ती जागची हलली नाही.

"कबरीवरचा कोंबडा बुटावर आधी कुणी काढला, अपा?" तिने विचारलं. "त्यांनी नाही. तुम्ही."

तेओ पुटपुटला, "मी कागदावर काढला होता. कागद कुणी पायात घालत नाही." पण बाण लागायचा तिथे लागला होता, आणि त्यामुळे तो आणखीच पेटला.

वस्तीने त्या आगीत तेल ओतलं. ज्याला त्याला आनंद. खाटीक दुकानातून हात हलवून म्हणाला, माएस्त्रो, नशीब काढलंत. चर्चच्या पायरीवर फादरने खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं की हा साऱ्या वस्तीचा मान आहे, मोठ्या मनाने घ्यावा.

"फादर," तेओ म्हणाला, "उद्या तुमच्या आईचं हाड कुणी माळेत ओवून विकलं तर मला कळवा. मी अभिनंदनाला येतो."

मग तो काठी टेकत मॉलमध्ये गेला आणि त्या दुकानाच्या दारात उभा राहिला. त्या बुटांचा खोका घेऊन जो गिऱ्हाईक निघेल त्याला अडवून तो सांगायचा की हे कुणाचं थडगं आहे. एका बाईने बूट परत नेऊन ठेवले. एका पोराने त्याच्यासोबत सेल्फी काढला. शेवटी दुकानाचा पहारेकरी आला, तर तो निघाला बेतो, शेजारच्या घरातला, ज्याच्या आईच्या स्वयंपाकघरात तेओने टाइल्स बसवल्या होत्या.

"माएस्त्रो, मला तुमच्या अंगाला हात लावायला लावू नका," बेतो खालच्या आवाजात म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

तेओ बाहेर पडला. कंपनीचा कुणी असता तर त्याने ही काठी त्याच्या डोक्यात घातली असती. पण ते लोक कधी समोर येत नाहीत, समोर उभा करतात तो आपलाच पोरगा.

येसेनियाने बापाला न सांगता कंपनीला फोन केला. या माणसाकडून त्या माणसाकडे फिरवत फिरवत तिला एका बाईपर्यंत पोचवलं. त्या बाईने फार प्रेमाने सांगितलं की कोंबडा ही तुमच्या संपूर्ण समाजाची परंपरा आहे, ती कुणा एकाची नसते, आणि आम्ही तिचा सन्मान करतो. मग येसेनियाने ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, भिंतीवर लावलेलं चित्र, स्वतःहून काढू दिलेले फोटो, भांडता येईल, पण वर्षं जातील. घरी येऊन तिने चपला भिरकावल्या.

"म्हणतात, कोंबडा कुणा एकाचा नसतो," ती म्हणाली. "आजीने ऐकलं असतं तर झाडू घेऊन गेली असती."

तेओने तिच्याकडे पाहिलं. तिचा जबडा आवळलेला होता, कपाळावरची शीर उभी राहिली होती. बुटांचा खोका आल्यापासून पहिल्यांदाच दोघं एका टेबलावर जेवायला बसले.

ऑक्टोबर लागला. उत्सव संपला, दुकानाच्या काचेत हॅलोविनचे भोपळे आणि कोळिष्टकं आली, आणि ते स्नीकर दाराशी तारेच्या टोपलीत जाऊन पडले, अर्ध्या किमतीत, जोडीजोडीने लेसने बांधलेले. येसेनियाने ते पाहिलं आणि घरी सांगितलं. तेओ यावर ओरडला नाही. त्याने माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली.

नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी लोक कबरी धुवायला जातात, तसे बापलेकही गेले. इतरांच्या हातात बादल्या आणि झेंडूची फुलं होती. तेओच्या हातात छिन्नी होती. तो काय करणार हे कळल्यावर येसेनियाने त्याचं मनगट धरलं.

"अपा, नको. त्यांच्यासाठी आजीचं का मोडता?"

"तिचं राहिलं कुठे ते? टोपलीत पडलंय," तो म्हणाला. "तो कोंबडा आता त्यांचा. ठेवून घेऊ दे त्यांना."

पहिला घाव शेपटीवर बसला. गुडघे वाकत नव्हते, म्हणून तो बुटक्या स्टुलावर बसून, शिव्या देत, एकेक तुकडा उखडत गेला. वाटेने जाणारे थांबत, छातीवर क्रूसाची खूण करत आणि पुढे जात. मान उखडताना मात्र त्याने शिव्या थांबवल्या. मग येसेनियाने सिमेंट कालवलं आणि तो पुन्हा तुकडे बसवू लागला, निळ्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी विटकरी, हाताला येईल तसा.

काम संपत आलं तेव्हा त्याची बहीण एर्मिनिया फुलं घेऊन आली. समोर पडलेली छिन्नी, बाजूला निळ्या-पिवळ्या चुऱ्याचा ढीग. तिने फुलं खाली ठेवली.

"चोरांनी नाही मोडलं," ती म्हणाली. "तू मोडलंस."

"हो."

"आणि हे काय बसवलंयस? कशाचं चित्र आहे हे?"

"कशाचंच नाही," तेओ म्हणाला. "उचलून नेण्यासारखं काही ठेवलं नाही."

एर्मिनियाने हात फिरवून पाहिला. सिमेंट अजून ओलं होतं. "आईला कोंबडा आवडायचा रे," ती म्हणाली.

आता बाप आत्याच्या अंगावर जाईल म्हणून येसेनिया मध्ये यायला उठली. तेओने बादली पुढे ओढली आणि थापी धुवायला घेतली. थापी स्वच्छ झाली तरी तो धूतच राहिला.