राम-लक्ष्मणाची वाटणी

समस्त मराठी मंडळींना एक अत्यंत गंभीर वार्ता जड अंतःकरणाने कळवत आहे. बहारीनमध्ये, झिंज भागातल्या एका टू बेडरूम फ्लॅटमध्ये, राम आणि लक्ष्मण यांनी एकत्र राहावं की वेगळं, यावरून घरात अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. तो तंटा सोडवायला मला जावं लागलं. मी वकील नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि राम-लक्ष्मण हे साप आहेत.

घाबरू नका. दोघंही कॉर्न स्नेक जातीचे. कॉर्न स्नेक म्हणजे नारिंगी रंगाचा, बिनविषारी, स्वभावाने गरीब साप. लोक हौसेने पाळतात. बुसैतीनमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये मांजरं आणि पोपटच जास्त. साप आला की रिसेप्शनिस्ट पाय वर घेऊन बसते आणि मी खूश होते.

त्या दिवशी निलेश आला. बँकेत नोकरी, मूळचा पुण्याचा. बरोबर बायको रश्मी आणि व्हिजिट व्हिसावर आलेली आई. हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा. डब्यात दोन साप. मोठा तुकतुकीत. धाकट्याच्या पाठीचा कणा बोटाला टोचत होता.

"उलट्या होतायत," निलेश म्हणाला.

"कोणाला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

एका काचेच्या टँकमध्ये दोन साप ठेवले की ही पहिली पंचाईत. सकाळी उलटलेला उंदीर दिसतो, तो कोणी उलटला ते कळत नाही. पण कण्याकडे बघून मला धाकट्याचा संशय होता.

"एकत्र का ठेवलेत?"

"पहिला एकटा कंटाळेल म्हणून दुसरा आणला."

"साप कंटाळत नाही, निलेश. तो एकटाच राहणारा प्राणी आहे."

"पण मॅडम, ते मिठी मारून झोपतात," रश्मीने फोनवर फोटो दाखवला.

फोटो मी निरखून पाहिला. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. ती मिळाली नाही तर गिळलेलं पचत नाही आणि उलटून पडतं. म्हणून टँकच्या एका कोपऱ्याखाली हीट मॅट असते, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. फोटोत त्या कोपऱ्यात मोठा पसरला होता आणि धाकटा त्याच्या अंगावर, उरलीसुरली ऊब गोळा करत. लोकांना त्यात प्रेम दिसतं. मला रेशनची रांग दिसली.

"दोन टँक. आजच," मी म्हटलं.

"अजिबात नाही." आई पहिल्यांदाच बोलल्या. "नाग-नागिणीचा जोडा मोडू नये. भोवतं."

मी बारीक सळई घेतली, दोघांची शेपटीकडून तपासणी केली. कॉर्न स्नेकमध्ये नर-मादी अशीच ओळखतात.

"काकू, जोडा नाहीये. दोघंही नर आहेत."

त्यांची पापणी लवली नाही. "मग भाऊ असतील. राम-लक्ष्मण. डॉक्टरीणबाई, भावांची वाटणी माझ्या डोळ्यांदेखत व्हायची नाही." डबा उचलून त्या चालू लागल्या. मागोमाग मुलगा, मागोमाग सून.

आमचे बॉस, क्लिनिकचे बहारीनी मालक, दारातून सगळं बघत होते. भाषा कळली नसली तरी प्रकार कळला होता.

"डॉक्टर, फॅमिली मॅटर. औषध द्या, खलास."

"याला औषध नाही. औषध म्हणजे दुसरा टँक."

"मग टँक विका."

"आजी घेऊ देत नाहीत."

त्यांनी जरा विचार केला. "मग पेशंट साप नाही. पेशंट आजी आहे."

आठवड्याच्या आत निलेशचा फोन आला. पुन्हा उलटी झाली होती आणि आता धाकटा उचलला तरी जीभ बाहेर काढत नव्हता. याचा अर्थ मला माहीत होता. अजून एक-दोन उलट्या आणि राम एकटा उरला असता. मी बॅग उचलली. आईंनी माझं ऐकल्याशिवाय त्या घरातून उठायचं नाही, एवढं ठरवूनच.

हॉलमध्ये एसी असा सोडलेला की महाबळेश्वर बरं. टँकसमोर खुर्ची टाकून आई शाल पांघरून बसल्या होत्या, पहाऱ्याला.

"काकू, तुम्ही शाल घेतलीत. त्याची शाल भावाने ओढलीय."

"भाऊ देईल त्याला."

"बरं. मी वाटणी करत नाही. फक्त दुसऱ्या टोकाला एक अंथरूण घालते. धाकटा भावाजवळ राहिला तर मी हरले, पुन्हा तोंड दाखवणार नाही. गेला तर माझं ऐकायचं."

"जाणार नाही तो."

बॅगेतली दुसरी हीट मॅट मी थंड टोकाखाली सरकवली, वर फुटक्या कुंडीचा तुकडा पालथा घातला. रश्मीने चहा आणला. आम्ही तिघं सोफ्यावर, आई खुर्चीत, समोर टँक. टीव्हीकडे कोणी इतकं एकटक बघत नसेल.

चहा संपला. काही नाही. निलेशने घसा खाकरला. मीही मनातून जरा चरकले होते.

मग धाकट्याने डोकं उचललं. जीभ बाहेर आली, आत गेली. तो मोठ्याच्या अंगावरून उतरला, काचेच्या कडेकडेने सरकत गेला आणि कुंडीखाली शिरला. शेवटी शेपटीही आत ओढून घेतली.

"येईल परत," आई म्हणाल्या.

रश्मीने दुसऱ्यांदा चहा केला. तो आला नाही.

आईंनी रिकामा कप खाली ठेवला. "निलेश, तो दुसरा टँक मिळतो कुठे?"

एका टँकमध्ये दोन मॅट पुरत नाहीत. मोठा दोन्ही बळकावतो. म्हणून टँक वेगळा, मॅट वेगळी, पाण्याचं भांडंही वेगळं. उलटीनंतर पोटाला आराम द्यावा लागतो, म्हणून काही दिवस धाकटा उपाशी. मग अगदी लहान उंदीर. तो टिकला. पुढचाही टिकला.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता एक धडा घेतला. साप कोणाचा हे विचारण्याआधी घरात कोणाचं चालतं ते विचारावं.

महिन्याभराने मी वजन बघायला गेले. कणा हाताला लागत नव्हता. धाकट्याने आमच्यासमोर उंदीर गिळला आणि सुस्तावून पडला. निलेश-रश्मी कौतुकाने बघत होते. आईंनी काचेला नाक लावलं, बराच वेळ पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मेला वेगळा निघाला आणि कसं अंगी लागलं बघा. आमचा थोरला लेक निलेशपासून वेगळा होऊन हमद टाउनला बिऱ्हाड घेऊन गेला, तोही अस्साच सुटलाय."