साडूंच्या नदीवरची माहेरवाशीण

मासा या विषयात मला हरवणारा माणूस अख्ख्या जर्मनीत नाही. आहे एक, माझे साडू, आणि ते मासा खातसुद्धा नाहीत.

पूर्वी खायचे. लुडविग्सहाफेनला केमिकलच्या नोकरीतून रिटायर झाले, घरामागच्या नदीत सालमन परत यायला लागलेत असं कुठेतरी वाचलं आणि मासा सोडला. "ज्यांची आपण वाट बघतो त्यांना खायचं कसं हो?" असं म्हणून, मी आचारी आहे त्याच रेस्टॉरंटात, मी तळलेला तुकडा त्यांनी बाजूला सारला. मी दहावी नापास, असले प्रश्न मी तेव्हाही सोडूनच द्यायचो. तुकडा मीच खाल्ला.

सालमनचं असं आहे, नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परत येतो. साडूंचं म्हणणं, ही माहेरवाशीण आहे, बाळंतपणाला आलीय. म्हणून पानं पिवळी पडली की दर रविवारी ते मला नदीवर नेतात. सोबत थर्मास, दोन घडीच्या खुर्च्या आणि त्यांचे नियम. लाल जॅकेट नको, ती बिचकते. मोठ्याने बोलायचं नाही. तिरफळ, कोकम हे शब्द काढायचे नाहीत. एकदा मी नुसतं "आमटी" म्हणालो तर घरी पोचेपर्यंत अबोला. एकदा एका आजींचा कुत्रा भुंकला. साडू ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "बिटे! श्वांगर!" म्हणजे, प्लीज, गरोदर आहे हो! आजींनी नदीत पाहिलं, तिथे काही दिसेना. मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कुत्र्याला हळूच घेऊन गेल्या.

एवढ्या रविवारी आम्हाला दिसलं काय? पानं. पान वाहत आलं की साडू उठायचे, "आली!" आणि परत बसायचे.

खरं तर ते वाट बघत होते त्यांच्या पोरीची. ती बर्लिनला असते, सातवा महिना. तिची आई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, गेली, तेव्हापासून साडू एकटेच. पण हट्ट असा की पहिलं बाळंतपण माहेरीच, मी करणार. खोली रंगवली. माझ्याकडून डिंकाचे लाडू शिकले. पहिला लाडू हातातून पडला तर खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले. पोरगी फोनवर म्हणायची, "बाबा, इथे सुईण घरी येते, ह्याला सुट्टी मिळणारे, कशाला?"

शेवटी त्यांनी तिला मासे बघायच्या निमित्ताने बोलावलं. मला बजावलं, "आज मी तिला विचारणार आहे. तुम्ही फक्त गप्प बसा."

काठाकाठाने तिघं निघालो. बांधाच्या अलीकडे पाणी उथळ आहे, तिथे साडू थबकले. हातभर लांब मादी कुशीवर पडून शेपटीने गोटे उडवत होती, अंड्यांसाठी खड्डा करत होती. साडूंनी बोट दाखवलं.

"बघ बाळा, एवढा समुद्र सोडून माहेरी आली."

पोरीचा हात पोटावर गेला. डोळे भरले. ती आता हो म्हणणार, तेवढ्यात मासा या विषयातलं माझं ज्ञान बाहेर पडलं.

"आणि अंडी घातली की बहुतेक मरतात बिचाऱ्या."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे, काही जगतात!" मी सावरायला गेलो. "थोड्या जगतात!"

"अहो," साडू म्हणाले, "तुम्ही जरा तिकडे जाऊन पानं बघा."

मी दोन पावलं सरकलो. साडू खुर्ची उघडून बसले आणि नदीकडे बघतच म्हणाले, "तुझ्या आईने सगळं नीट केलं असतं. मला कितपत जमेल माहीत नाही. पण खोली रंगवलीय."

पोरगी माझ्या खुर्चीत बसली. त्यांना चहा ओतून दिला, डब्यातला लाडू घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"मी नाही येणार, बाबा."

साडूंनी मान हलवली. खाली मासा खणतच होता.

"तुम्ही या बर्लिनला. राहायलाच या. आणि लाडू तिथे करा, मला रोज लागतील."

साडू खुर्चीसकट तिच्याकडे वळले. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच त्यांची नदीकडे पाठ झाली, आणि मादी कुठे गेली हेही त्यांनी पाहिलं नाही.

मलाही भरून आलं. म्हटलं, "मग मीपण येतो की गं मदतीला. लाडू मीच शिकवलेत."

"काका," ती लाडू चावता चावता म्हणाली, "तुम्ही नको."