मागच्या दारचा हीट पंप

पोशीरचं घर बंद करून निघालो तेव्हा गाडी दारात उभी होती आणि शेजारच्या मंदाकाकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं होतं. बाबांनी कुलूप लावलं, दोन पावलं आले, परत गेले. कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत तोंड करून म्हणाले, "चल गं, उशीर होतोय."

आत कुणी नव्हतं. आईला जाऊन महिना होत आला होता. बाबा तसेच दार धरून उभे राहिले. कुणीतरी चपला घालतंय आणि आपण थांबलोय, असे. मग त्यांनी कुलूप लावलं, गाडीत मागे बसले आणि खिडकीला चिकटून मधली जागा मोकळी ठेवली. मंदाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. म्हातारं माणूस आहे, बायको गेलीय, चालायचंच, असं मी मनाला समजावलं. पण विमानतळ येईपर्यंत त्या मोकळ्या जागेवर माझी पर्ससुद्धा ठेवायचा मला धीर झाला नाही.

मी स्वीडनला नर्स आहे, अगदी वरच्या अंगाला, जिथे डिसेंबरात दुपारी दोनला दिवे लावावे लागतात. नवऱ्याबरोबर आले होते. नवरा गेला त्याच्या वाटेने, घर आणि हप्ते माझ्याकडे राहिले. आईला हे कळल्यापासून तिचा फोनवर एकच प्रश्न असायचा, "घरात दुसरं कोण हाय का?" मी चिडायचे. म्हणायचे, आई, इथे लोक मुद्दाम एकटे राहतात, त्याला स्वातंत्र्य म्हणतात. ती म्हणायची, "त्यांचं त्यांना ऱ्हाऊ दे. तुजं सांग."

आई गेली आणि बाबा एकटे पडले. भाऊ संजू खोपोलीला असतो, तो न्यायला तयार होता. पण बाबा आपणहून म्हणाले, "मी वैशूकडं जातो." मला केवढं बरं वाटलं! आपण बापाला एकटेपणातून सोडवून आणलं म्हणून मी वर्षभर मिरवत होते. वॉर्डातल्या बायकांना सांगत होते, आमच्याकडे आई-बापाला असं टाकत नाहीत.

इथल्या घराच्या मागच्या दाराशी, बाहेर, हीट पंप बसवलेला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, उलटा एसी समजा. बाहेर पंख्याचं धूड, आत भिंतीवर डबा. बाहेरच्या गारठ्यातूनसुद्धा ऊब ओढून घरात सोडतो. फार थंडी पडली की त्याच्या अंगावर बर्फ धरतं. मग तो मध्येच थांबतो, पोटात गुडगुड करतो, बर्फ वितळवतो आणि भस्सकन पांढरी वाफ सोडून पुन्हा सुरू होतो. नवीन माणूस दचकतोच.

बाबा दचकले नाहीत. त्यांनी खुर्ची मागच्या खिडकीपाशी ओढली आणि तिथेच बसायला लागले. मी ड्युटीवरून यायचे तेव्हा घरात अंधार आणि हे खिडकीशी. एकदा मी बूट काढताना ऐकलं, ते कुणाला तरी सांगत होते, "आज आमटी खारट झाली. तू असतीस तर वराडली असतीस." मला वाटलं फोनवर आहेत. त्यांचा फोन माझ्याच पिशवीत होता, दुरुस्तीला नेलेला.

आता खरं सांगते. आईला दमा होता. शेवटची दोन वर्षं ती बसून झोपायची. मी सुट्टीत गेले की रात्रभर ऐकायचे. घरघर, घरघर, मग एकदम थांबायची, आपण उशीवरून डोकं उचलून कान द्यायचो, आणि मग लांब उसासा टाकून पुन्हा घरघर. त्या पंपाचा आवाज अगदी तसा होता. पंप आधीपासून होता, पण त्याचा आवाज तसा कधी वाटला नव्हता, आई गेल्यावर वाटायला लागला. मी टीव्ही मोठा करून बसायचे. बाबा मात्र ऐकत बसायचे.

आणि मग ती दुपार. बाहेर उणे वीस. मी घरात पाऊल टाकलं, तर घरात आवाजच नव्हता. भिंतीवरचा डबा गप्प. हवा गार. बाबा मागच्या दाराने आत आले, टोपी नाही, हात लालभडक, बोटांत सुतळी.

मी तशीच बाहेर धावले. हीट पंपाला चारही बाजूंनी आईची गोधडी गुंडाळलेली, बाबांनी पोशीरहून बरोबर आणलेली. आपल्याकडे पावसाआधी झडीच्या बाजूची भिंत कशी ताडपत्रीने घट्ट बांधतात, तशी सुतळीने आवळून, कोपरे दुमडून, गाठी पक्क्या. हवाच बंद झालेली. पंखा आत बर्फात रुतून बसला होता आणि जळकट वास येत होता. मी पंपाचा स्विच खाली ओढला. गोधडी सोडवायला गेले तर ती लाकडासारखी कडक, निघेना.

माझं डोकं फिरलं. वॉर्डातली सगळी गोडी संपली आणि पोशीरची भाषा तोंडात आली. "बाबा, येड लागलंय का तुमाला? मरायचंय का आपल्याला इथं?"

"कुडकुडत होती गं," ते म्हणाले. "वाफ सोडत होती तोंडातून. तुला ऐकू येत नाय?"

मी खोटंच नाही म्हणाले.

मेकॅनिक परवा येतो म्हणाला. आम्ही स्वयंपाकघरात ओव्हन लावून, त्याचं दार उघडं टाकून, सगळे कोट अंगावर घेऊन बसलो. रात्र तशीच काढली. घर कुठेकुठे कडकड वाजत होतं. त्या शांततेत मला सारखं वाटत होतं की कुणीतरी श्वास थांबवलाय आणि आता सोडणार, आता सोडणार. बाबाही मान वर करून तेच ऐकत होते. दोघं एकाच गोष्टीची वाट बघतोय, हे मला तेव्हा कळलं.

सकाळी मी संजूला फोन केला. म्हटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, मी दिवसभर बाहेर असते, एखाद दिवशी बर्फात जाऊन बसतील. तो म्हणाला, "पाठव ताई, मी पोशीरला त्यांच्यासोबत राहतो, कामाला तिथून जाईन." मी बाबांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांचे डोळे भरून आले.

"मला लय जायचंय गं," ते म्हणाले. "हितं एक दिवस नाय गोड लागला. पण मला नाय जाता येत. ती सोडत नाय."

मग त्यांनी सांगितलं. आईच्या दहाव्याला पुरुष नदीवर गेले होते आणि आम्ही बायका घरी वाट बघत होतो. सूर्य कलला तरी कुणी परतलं नव्हतं. आल्यावर आम्ही विचारलं तर कावळा उशिरा शिवला, एवढंच म्हणाले. खरं असं झालं होतं की पिंडाला कावळा शिवेचना. संजू म्हणाला, आई, बाबांना सांभाळीन. नाही. काका म्हणाले, शेत विकणार नाही. नाही. कावळे फांदीवर बसून बघतायत. शेवटी बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "वैशूला एकटी नाय ठेवनार. मी जातो तिच्याकडं." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला.

म्हणजे मी त्यांना आणलं नव्हतं. त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. वर्षभर मी ज्यांना सांभाळते म्हणून मिरवत होते, ते मला राखत बसले होते, आणि आई त्यांना राखत होती. मला रडू फुटलं. रागही आला, आईचा. किती गं धरून ठेवशील?

"तू सांग तिला," बाबा म्हणाले. "माजं नाय ऐकत. तू एकटी नाय, येवढं सांग. मंग सोडंल."

मी हसण्यावारी नेणार होते. पण त्यांच्याकडे पाहिलं. माणूस वाळून अर्धा झाला होता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी कोट चढवून मागच्या दाराने बाहेर गेले. जेमतेम दुपार, पण उजेड गेला होता. गोधडीतलं ते धूड बर्फात बसलं होतं. खाली बसलेल्या माणसाएवढं. मला जवळ जाववेना. आत खिडकीशी बाबा उभे होते, म्हणून गेले.

"आये," मी म्हणाले, "मी एकटी नाय. माज्या घरात मानूस हाय. बाबांना सोड."

असं कुणीही नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही. मी श्वास धरून उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग आतून लांब उसासा आला. पंख्याचं पातं अर्धा फेरा फिरलं आणि गोधडीच्या फटीतून पांढरी वाफ माझ्या तोंडावर आली. स्विच माझ्याच हाताने खाली ओढलेला होता. मेकॅनिक नंतर म्हणाला, आतला बर्फ तडकला असेल, वाफ तुमच्या श्वासाची. असेल. पण मी श्वास धरला होता.

मी आत आले तर बाबा कपाटावरून बॅग काढत होते. "ऐकलं तिनं," एवढंच म्हणाले. त्या रात्री इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पोटभर जेवले.

आता ते पोशीरला आहेत, संजूबरोबर. मंदाकाकू म्हणतात, अंग धरलंय, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करतात. मला रोज फोन करतात आणि विचारतात, "हाय ना गं तो जोडीला?" मी म्हणते, हाय की, आंघोळीला गेलाय. कधी भाजी आणायला पाठवते, कधी झोपवते. नाव विचारलं तेव्हा नावही दिलं.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायका विचारतात, तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं? मला वाटतं, माझं घर म्हणजे पोशीरचा तो ओटा, जिथे एक म्हातारा माझं खोटं खरं मानून सुखाने बसलाय. इथे नवा पंप बसवलाय. त्याला आवाज नाही. संध्याकाळी कान देऊन बसले तरी काही येत नाही. आई फसली की सगळं समजून निघून गेली, ते मला कधी कळणार नाही.

संजू, हे वाचलंस तर बाबांना वाचून दाखवू नकोस. मी एकटीच आहे. पोशीरला कुणी बोलू नका.