मोठा व्हॉल्व्ह आणि तहानलेले बैल

आमच्या वऱ्हाडात कोणी एकट्याने खरेदीला जात नाही. चप्पल घ्यायची तरी तीन माणसं लागतात. एक पाय घालायला, एक नावं ठेवायला आणि एक दुकानदाराला "तुमच्या काकाले मी ओयखतो" असं सांगायला. तेव्हा रेडिओचा एक व्हॉल्व्ह आणायला अमरावतीहून अकोल्याला वडील, शेजारचे गुरुजी आणि मी असे तिघे निघालो, यात कोणाला नवल वाटलं नाही.

साल साठच्या पुढचं असेल. मी बी.एस्सी.ला होतो आणि घरातलं विजेचं कुठलंही काम माझ्या मताशिवाय होत नसे. मत देण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, पण ते अजून उघडकीला आलं नव्हतं.

रेडिओ बंद पडला तो नेमका नको त्या आठवड्यात. माझ्या धाकट्या बहिणीला नागपूरच्या रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात गायला बोलावलं होतं, आणि ती आत्याच्या जात्यावरच्या ओव्या गाणार होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिला अक्षरओळख नव्हती, पण ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. दोन दिवस आधी नागपूरला निघताना बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, बाकी कोनी नाई ऐकलं तरी चालन. आत्यानं ऐकलं पाहिजे."

"तू गा फक्त," मी म्हणालो. "रेडिओचं माझ्याकडे लागलं."

गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सेटची पाठ उघडली. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह. चार लालसर उजळलेले, एक विझलेला. त्या विझलेल्यावरचा नंबर त्याने मोठ्याने वाचला आणि बजावलं, "याच नंबरचा आना. पाय बसले म्हन्जे वाल्व जमला, असं नसते. मायापाशी नाई, अकोल्याले भेटन." नंबर आम्ही सगळ्यांनी ऐकला. लिहून कोणी घेतला नाही. काचेवर होताच की!

अकोल्याच्या दुकानात वडिलांनी रुमालाची गाठ सोडली. व्हॉल्व्ह लखलखत होता. दुकानदाराने तो उजेडात धरून चारदा फिरवला आणि विचारलं, "याच्यावरचा नंबर कुठं गेला?"

नंबर राखेत गेला होता. आत्याने आदल्या दिवशी पितळेच्या भांड्यांबरोबर व्हॉल्व्हही घासून काढला होता. "परगावी चाल्ला तो. असा काया तोंडाचा पाठवू काय?" असं ती म्हणाली होती, आणि तिच्या टापटिपीचं आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

"सहाने सुरू होत होता," वडील म्हणाले. "नाही, शेवटी सहा होता," गुरुजी म्हणाले. गुरुजींना तीसपर्यंतचे पाढे पावकी-निमकीसकट तोंडपाठ होते. मी झोपेतसुद्धा मूलद्रव्यं ओळीने म्हणून दाखवली असती. पण आम्हा तिघा शिकलेल्यांना मिळून तो एवढासा नंबर आठवेना.

दुकानदार भला माणूस. त्याने जुन्याचे पाय मोजून, त्याच पायांचे दोन नवे काढून ठेवले, एक लहान आणि एक चांगला मोठा. "लहानाच्या आतली बनावट तुमच्या वाल्वासारखी दिसून राहिली. पन खात्री नाई. सेटच घिऊन या तुमी." सेट आणायला वेळ कुठे होता? कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी.

"घ्यायचाच तर मोठा घ्या," गुरुजी म्हणाले. "एवढ्या दूर येऊन लहान काय नेता?" हे वडिलांनाही पटलं. अकोल्याला जाऊन लहान वस्तू आणली, असं कोणी म्हटलं असतं तर आमच्या आळीत मान वर करता आली नसती. तरी वडील माझ्याकडे वळले. "दोनी नेऊ काय रे?"

"कशाला?" मी म्हणालो. "ताकद जास्त असली तर आवाज मोठाच येईल."

विज्ञान बोललं म्हटल्यावर विषय संपला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला बार्शीटाकळीला लग्नाला गेलेला, म्हणून व्हॉल्व्ह मीच बसवला. पाय अगदी बरोबर बसले. बटण फिरवताच मोठा आवाज खरोखरच आला, नुसत्या घरघरीचा. मग जळका वास सुटला आणि पाचही काचा काळ्याठिक्कर पडल्या. माझ्या मागे आत्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून रेडिओसमोर बसली होती.

"झाला काय सुरू?"

"बाई, माया पोरानं रेडिओ मारला," वडील म्हणाले. मला रडू आलं.

आळीत दुसरा रेडिओ नव्हता. चौकातल्या हॉटेलात होता, पण आमच्या आळीतली बाई हॉटेलात कधी गेलेली नव्हती. "तिथं बायामाणसांनी जाऊ नये," गुरुजी म्हणाले.

"काहून? तिथं काय वाघ बसून राहिले?" आत्याने पदर सारखा केला आणि ती चालू लागली. आम्ही तिघे मागे.

तिला पाहून हॉटेलातल्या बिड्या विझल्या. मालकाने गल्ल्यावरची आपली खुर्ची सोडून तिला दिली. थोड्या वेळाने बहिणीचा आवाज आला, घरच्यापेक्षा जरा पातळ, घाबरलेला. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, वेशीबाहेर गाडी सोडतो, अशा त्या ओव्या. आत्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. एकाएकी तिने गुडघ्यावर हात मारला.

"अवं माय! बैलाईले पानी पाजाचं राह्यलं!"

मधली एक ओवी गळाली होती. रेडिओ पुढे निघून गेला. आत्याने मात्र राहिलेली ओवी तिथेच, हळू आवाजात म्हटली, बैलांना पाणी पाजलं आणि मग पुन्हा बहिणीला जाऊन मिळाली. कोणी हसलं नाही.

बहीण तिसऱ्या दिवशी परतली. दारातूनच तिला रेडिओ दिसला, पाठ उघडी आणि काचा काळ्या. तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"आत्या," तिने हळूच विचारलं, "ऐकाले नाई भेटलं ना तुले?"

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "ऐकलं त. बैल तहानलेलेच जुंपले तू."

बहीण पिशवी हातात धरून तशीच उभ्या उभ्या रडू लागली. ओवी गळाल्याचं तिने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.